मल्लाप्पांचं बाइंडिंग

“सापडत नाहीये, सर,” रम्या म्हणाली. “पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावरसुद्धा नाही.”

मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडं बघितलं. शोधायच्या चौकटीत तिनं ‘मोटर बाइंडिंग पीण्या’ असं इंग्रजीत टाइप केलं होतं. खाली वह्या शिवणारे, कॉलेजच्या प्रबंधांना काळं कव्हर घालून देणारे, जुन्या पोथ्या बांधणारे असे सगळे ओळीनं हजर होते. फक्त पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीतले आमचे मल्लाप्पा नव्हते. मला हसू आलं. इतकी शिकलेली मुलगी आणि एवढी साधी चूक.

“सापडेल कसं? शब्दच चुकीचा घातलाय तुम्ही,” मी म्हणालो. “बाइंडिंग असतं पुस्तकाचं. मोटरचं वाइंडिंग. बी काढा आणि डब्ल्यू घाला.”

रम्यानं बी काढला नाही. तिनं खुर्ची सावकाश माझ्याकडं वळवली.

“राव सर, पानावरचा शब्द तुम्ही बदललात?”

“चूक होती. दुरुस्त केली. एकेचाळीस ठिकाणी होती.”

तो आकडा सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट होती, हे आता कबूल केलेलं बरं. रम्या पुन्हा पडद्याकडं वळली, तिनं एक आलेख उघडला आणि बोटानं दाखवला. एक निळी रेघ सहा महिने झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखी निवांत होती आणि तीन आठवड्यांपूर्वी धपकन खाली आली होती. ज्या दिवशी पडली ती तारीख मी ओळखली. त्या दिवशी मी फार समाधानानं घरी गेलो होतो.

माझं नाव व्यंकोजी. बेंगळुरात आम्ही मराठे नावापुढं राव लावतो आणि ऑफिसातली माणसं बाकीचं नाव गाळून तेवढंच उचलतात. आमचं घराणं इथं साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं म्हणतात. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, हे तेव्हापासूनचं. शिवाजीनगरच्या एका छापखान्यात मी सत्तावीस वर्षं मुद्रितशोधक होतो. लग्नपत्रिका, शाळांची मासिकं, औषधांच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, जे छापायला येईल ते कन्नड, मराठी आणि इंग्रजीत तपासायचो आणि तपासलेल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ‘व्यं’ लिहायचो. त्या अक्षराचा अर्थ एवढाच, की आता चूक निघाली तर शिव्या या माणसाला घाला. सत्तावीस वर्षांत तशा मोजून चार वेळा खाल्ल्या. चारही अजून पाठ आहेत.

मग छापखाना बंद पडला आणि मी दोन वर्षं घरी बसलो. बसलो म्हणजे काय, वर्तमानपत्रावर तांबडं पेन चालवत होतो. बिस्किटाचा पुडा असो की बसवरची पाटी, डोळा आधी चुकीवरच जायचा. एकदा नात्यातली लग्नपत्रिका आली, तिच्यावर खुणा करून मी ती परत पाठवली. तेव्हापासून त्या घराशी बोलणं नाही. आमच्या मंडळी, अंबुबाई, एरवी सोशिक, पण त्या दिवशी त्याही म्हणाल्या, “माणसं आहेत ती, प्रुफं नव्हेत. स्वल्प सोडा की.”

पोटापाण्याची ददात नव्हती. पण छपन्नाव्या वर्षी आपली कुणालाच गरज नाही, हे दोन वर्षं सोसून झालं होतं आणि तिसरं सोसवलं नसतं. मला सकाळी डबा घेऊन कुठंतरी जायचं होतं. म्हणून छापखान्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा, योगीराज, यानं बोलावल्यावर मी दुसऱ्याच दिवशी येलहंक्याला जाऊन उभा राहिलो. बेकरीच्या वर त्याचं ऑफिस. लहान दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची आणि कुणी इंटरनेटवर शोधलं की ती वरच्या नंबरात दिसेल असं बघायचं, हा त्यांचा धंदा. याला एसईओ म्हणतात. त्यासाठी मजकूर लिहायला आणि तपासायला त्यांना माणूस पाहिजे होता.

योगीराज सरळ बोलणारा पोरगा. तीन महिने बघू म्हणाला. एक गिऱ्हाईक पूर्ण तुमच्याकडं, पीण्याचे मल्लाप्पा. आज ते शोधात दुसऱ्या नंबरला आहेत. तीन महिन्यांनी तिथंच असतील तर तुम्ही आमचे. नसतील तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

रम्या मला शिकवायची. ती आमच्या लेकीपेक्षा, चंदनापेक्षा लहान, पण शिकवणारी म्हणून मी तिला अहोजाहो करायचो. आमचं बोलणं कन्नडात चाले आणि वहीत मी ते मराठीत, तेही छापखान्याच्या भाषेत, उतरवून घ्यायचो. टायटल टॅग म्हणजे मुखपृष्ठावरचं नाव. मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे मलपृष्ठावरच्या त्या दोन ओळी, ज्या वाचून माणूस पुस्तक उचलतो किंवा ठेवून देतो. क्रॉलर म्हणजे एक यंत्र, ते जगातली पानं एकामागून एक वाचत फिरतं, आणि वाचलेलं जिथं टिपून ठेवतं तो इंडेक्स. त्या सूचीत तुमचं नाव नसलं तर तुम्ही दुकान उघडून बसलात काय आणि हिमालयात बसलात काय, सारखंच. न थकता वाचणारं यंत्र म्हटल्यावर मला ते आपल्याच भावकीतलं वाटलं.

मग आला कीवर्ड. रम्या म्हणाली, गिऱ्हाईक चौकटीत जो शब्द टाकतं तो कीवर्ड, आणि सगळं दुकान त्या शब्दावर उभं असतं. एवढं सांगून ती मामेबहिणीच्या लग्नाला चार दिवस म्हैसूरला गेली. उरलेलं आल्यावर सांगते म्हणाली. माझं नशीब बघा, उरलेलं तेच महत्त्वाचं होतं.

त्या चार दिवसांत मी मल्लाप्पांना फोन केला. मजकूर लिहायचा तर माणसाची माहिती हवी. फोन उचलताच पलीकडून खणखणीत आवाज आला, “मल्लाप्पा मोटर बाइंडिंग, बोला.” मी मराठीत बोलतोय म्हटल्यावर गडी खूश झाला. चिकोडीकडचा माणूस, घरात दोन्ही भाषा, पण मराठी बोलायला इथं कुणी मिळत नाही म्हणाला. अर्धा तास बोलला. कोणत्या मोटरचं बाइंडिंग कसं, तांब्याची तार किती गेजची, बाइंडिंग पक्कं असलं तर मोटर दहा वर्षं मागं वळून कशी बघत नाही. पाण्याचा पंप जळालेलं माणूस रडत येतं आणि हसत जातं, म्हणाला. दर दुसऱ्या वाक्यात बाइंडिंग. मला प्रत्येक वेळी खडा लागल्यासारखं होत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला फोनवर कुठं टोकायचं?

फोन ठेवून मी त्यांचं पान उघडलं आणि बघतो तर तिथंही तेच. मथळ्यात बाइंडिंग, मजकुरात बाइंडिंग, फोटोखाली बाइंडिंग. ज्या छापखान्यात मी आयुष्य काढलं तिथं बाइंडिंगचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. खळीचा वास आणि सुतळीचे टाके, हे बाइंडिंग. मोटरला कसलं बाइंडिंग? कुण्या अडाणी माणसानं लिहिलंय म्हणून मी बाह्या सरसावल्या. एकेक जागा शोधून बी चा डब्ल्यू केला. एकेचाळीस. त्या संध्याकाळी बसमध्ये मी गुणगुणत होतो.

तो अडाणी माणूस म्हणजे रम्या.

“मुद्दाम लिहिलं होतं, सर,” ती आता म्हणाली आणि तिनं मला आकडे दाखवले. महिन्याभरात बेंगळुरात किती लोकांनी कोणता शब्द टाकला, ते. बाइंडिंगचा खांब मोठा होता आणि वाइंडिंगचा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

“आणि हे वाइंडिंगवाले कोण आहेत ते बघा. कॉलेजची मुलं. त्यांना आकृती पाहिजे, व्याख्या पाहिजे. ज्याची परीक्षा आहे तो वाइंडिंग शोधतो, सर. ज्याची मोटर जळाली तो बाइंडिंग शोधतो.”

मी विचारलं, एवढं हुशार यंत्र, त्याला लोकांची चूक कळत नाही? ती म्हणाली, एरवी कळते. पण बाइंडिंग हा दुसरीकडं बरोबर असलेला शब्द आहे, त्यामुळं त्याला ती चूक वाटतच नाही. हे मात्र मला समजावून सांगायला नको होतं. सगळ्यात वाईट चूक तीच, जी दुसऱ्या जागी शुद्ध असते. तिच्यावरून चांगल्या चांगल्यांचा डोळा घसरतो. माझा नाही घसरला, आणि म्हणूनच मल्लाप्पा बुडाले.

तेवढ्यात योगीराज आत आला. पीण्याचा आकडा का पडला, त्यानं उभ्या उभ्याच विचारलं. मी तोंड उघडणार, तोच रम्या म्हणाली की सर्च इंजिनवाल्यांनी नियम बदललेत बहुतेक, दोन-चार आठवड्यांत परत येईल. तो मान हलवून गेला. मल्लाप्पांनाही तसंच कळवा, जाता जाता म्हणाला.

रम्यानं हळूच सांगितलं, मी शब्द परत घालते, तुम्ही काही बोलू नका, हे कुणाला कळायचं कारण नाही. तिनं माझ्या भल्यासाठीच केलं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरला. त्या रात्री जेवण गेलं नाही. अंबुबाईंनी विचारलं तर त्यांच्यावरच खेकसलो. चूक माझी, तिच्यावर पांघरूण दुसऱ्याचं, आणि फसवला जातोय तो ज्याच्या दुकानाचा फोन मी बंद पाडला. आमच्या धंद्यात खाली अक्षर घालायची रीत काय उगीच होती?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मी दोन बस बदलून पीण्याला गेलो. तिथं गल्लीला गल्ली सारखी. कुठं लेथ चाललेली, कुठं पत्रा कापताहेत, रस्त्यावर तेलाचे डाग. मल्लाप्पांचं दुकान अगदी आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. समोरचा रस्ता वर्षभर खणून ठेवलेला, त्यामुळं येता जाता कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. सगळी भिस्त फोनवर का होती ते तिथं उभं राहिल्यावर कळलं.

मल्लाप्पा साठीचे, आडव्या बांध्याचे. मागं एका लाकडी टेबलाशी त्यांची विधवा बहीण यल्लव्वा तांब्याच्या तारेचे वेढे करत बसली होती. बाई न मोजता वेढे घेत होती आणि त्याच वेळी माझ्याकडं बघतही होती. टेबलावर काम होतं ते एवढंच. वेढे घ्यायचे बाकीचे तीन ठोकळे रिकामे पडलेले.

“या की, या,” मल्लाप्पा म्हणाले. “आवाजावरनं ओळखलं बघा. बसा. चा सांगतो.”

मी चहा नको म्हटलं तरी त्यांनी सांगितला. मग स्वतःच बोलू लागले. तीन आठवडे झालं, फोनच येईना झालाय. आधी वाटलं फोन बिघडला, म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून लावून बघितला. मग वाटलं, कुणाचं काम वाईट झालं असेल आणि त्यानं बोंब मारली असेल. मागच्या सहा महिन्यांतल्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून विचारलं म्हणे, मोटर चालू हाय नव्हं? सगळे म्हणाले, झकास चालू आहे. हे सांगताना ते हसत होते, पण मला ऐकवेना.

“मल्लाप्पा अण्णा, तुमचं काम वाईट नाही,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

आणि मी सगळं सांगितलं. लोक कोणता शब्द शोधतात, पानावर कोणता होता, मी तो कसा काढला, यंत्र कसं वाचतं. ते वाकून ऐकत होते. मला वाटलं, आता भडकतील. भडकावेत अशी माझी इच्छा होती, चार शिव्या बसल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती. पण चहाचा पेला त्यांच्या हातात तसाच राहिला.

“म्हंजे ते बाइंडिंग नव्हं?” त्यांनी विचारलं.

मी जिथं माफी मागत होतो तिथं ते नव्हतेच. ते भलतीकडंच पोचले होते.

“तीस वर्षं झाली मला. माझ्या उस्तादानं तसंच सांगिटलं. कार्डावर हाय, पाटीवर हाय. ते काय म्हणायचं असतंय?”

“वाइंडिंग,” मी म्हणालो.

“बा... वा...” त्यांनी जुळवून बघितलं. ओठ आधी मिटायचे आणि मग उघडायचे, त्यामुळं ब च यायचा. दोनदा प्रयत्न करून त्यांनी सोडून दिला.

मागून यल्लव्वा म्हणाली, “त्यात काय चुकलंय? तार बसवल्यावर शेवटाला आपण दोऱ्यानं बांधतोच की. बांधतो म्हणून बाइंडिंग.”

बाई शहाणी होती. तिनं भावाला आणि मला दोघांनाही वाट काढून दिली होती. मी नुसतं ‘खरं आहे अक्का’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जित्याची खोड. मी खिशातून वही काढली आणि समजावून सांगू लागलो. बांधणं वेगळं आणि गुंडाळणं वेगळं. वाइंड म्हणजे गुंडाळणं, वेढे घेणं. दोरा बांधतात ते अगदी शेवटी, मुख्य काम वेढ्यांचं, म्हणून शब्द तिथून आलाय. दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत खाली-वर लिहून दाखवले आणि सवयीनं वरच्या शब्दावर, बाइंडिंगवर, काट मारली. यल्लव्वानं माझ्याकडं असं बघितलं की माझं वाक्य अर्धवटच राहिलं.

मल्लाप्पांनी तो कागद मागून घेतला, दोन घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. “बरं झालं सांगिटलंत,” म्हणाले. “इंजिनेर लोक येतात, मोठ्या कंपनीतली. तीस वर्षं हसली असतील मनात.”

कुणी हसलं नसेल, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि वाटेत मोटरविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

दुपारी ऑफिसला जाऊन मी योगीराजला सगळं सांगून टाकलं. तो चिडला, पण चूक केली म्हणून नाही, तर मल्लाप्पांना सांगितलं म्हणून. गिऱ्हाइकाला असलं कोण सांगतं, म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, सरी, ठीक आहे, सात आठवडे उरलेत, नंबर परत आणा. शब्द परत घालायला रम्या बसणार होती. मी तिला उठवलं आणि स्वतः बसलो. एकेचाळीस जागा. माझ्या हातानं आजवर चुका काढल्या होत्या, कधी घातल्या नव्हत्या. पहिला डब्ल्यू खोडताना बोट अडलं. विसाव्यापर्यंत राग होता. तिसाच्या पुढं राग गेला आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं, कुणाविषयी ते नेमकं कळेना.

मग वाट बघणं सुरू झालं. क्रॉलर परत कधी येईल, आपलं पान कधी वाचेल, हे कुणाच्या हातात नसतं. आज या म्हणून निरोप धाडता येतो, पण यायचं की नाही ते तो ठरवतो. मी दिवसातून पन्नास वेळा शोधायचो. ऑफिसात, बसमध्ये, जेवताना. रम्या रागावली, तुमच्या फोनला तुमची सवय कळलीय, तो तुम्हाला तुमचंच दाखवतो, त्यावर विसंबू नका म्हणाली. मी दुसऱ्यांचे फोन मागू लागलो. बेकरीतल्या माणसाचा मागितला, बस कंडक्टरचा मागितला. एका रविवारी अंबुबाईंनी माझा फोन तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मला त्याची बेचैनी वाटत होती की मल्लाप्पांच्या खिशातल्या त्या घडी घातलेल्या कागदाची, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

चौतीस. सव्वीस. मग आठवडाभर सव्वीसच. रम्यानं पीण्यातल्या दोन हार्डवेअर दुकानांना विचारून त्यांच्या पानांवर मल्लाप्पांचं नाव घालून घेतलं. याला बॅकलिंक म्हणतात. चार भल्या माणसांनी नाव घेतलं की यंत्रालाही भरवसा वाटतो. मी मजकूर नव्यानं लिहिला. पंप जळाला तर आधी काय करावं, मोटर गरम होते ती का, सगळं मल्लाप्पांच्या त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून. चौदा. नऊ. अकराव्या आठवड्यात, एका मंगळवारी, रम्यानं मला हाक मारली आणि नुसती खुर्ची बाजूला केली. तिसरा नंबर.

“शुक्रवारी दुसरा येईल,” ती म्हणाली. शुक्रवारी आला. योगीराजनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक तारखेपासून कायमचे या म्हणाला. मी घरी जाताना अंबुबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू?

कायम झाल्यावर पहिलं काम निघालं ते पीण्याचं. पानावरचे फोटो जुने होते. फोटो यंत्राला दिसत नाही, म्हणून त्याखाली दोन ओळी लिहून ठेवतात, ऑल्ट टेक्स्ट. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही त्याच ओळी वाचून दाखवल्या जातात. नवे फोटो काढायला मी सकाळी दुकानात पोचलो तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून मोटरींची रांग. टेबलावरचे चारही ठोकळे गुंतलेले. यल्लव्वाच्या शेजारी आणखी एक बाई वेढे घेत होती.

मल्लाप्पांनी या म्हटलं, खुर्ची दिली. आधीसारखंच. मी फोटो काढत असताना त्यांचा फोन वाजला.

“हां, मल्लाप्पा,” ते म्हणाले आणि क्षणभर थांबले. “मोटरचं काम करतो. बोला.”

आवाज तोच होता, पण खालच्या पट्टीत. यल्लव्वानं हातातली तार न थांबवता माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मी विचारलं, अण्णा, पाटी बदलली नाही ना? बदलू नका, लोकांना तोच शब्द ठाऊक आहे. ते म्हणाले, नाही बदलली. आणि हसून, अगदी मोकळेपणानं म्हणाले, “तुम्ही म्हणता ते जिभेवर बसंना बघा. आणि पयलं आता तोंडातनं निघंना.”

सॉरी हा शब्द मी आधीच एकदा वापरून बसलो होतो.

इतक्यात स्कूटरवरून एक माणूस आला. पायांमध्ये पंपाची मोटर. कुठल्याशा अपार्टमेंटचा होता. पाणी बंद झालंय, दीडशे माणसं शिव्या देताहेत म्हणाला. नेटवर शोधलं तर तुमचंच नाव वर आलं, विचारत विचारत पोचलो. कन्नडात घाईघाईनं बोलत होता. मग मोटर उंबऱ्यावर टेकवून त्यानं विचारलं, बाइंडिंग इथंच होतं ना?

मल्लाप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

मी फोन खिशात घातला, उन्हं बघतो म्हणून काहीतरी पुटपुटलो आणि शेडच्या बाहेर जाऊन, पाठ करून उभा राहिलो. त्यांना तो शब्द माझ्या कानाआड म्हणता यावा म्हणून. समोर खणलेला रस्ता होता. पलीकडच्या गाळ्यात लेथ चालली होती, ती थांबली, तरी मी कान देऊन उभा होतो.

आतून तो शब्द काही ऐकू आला नाही. मग मोटर उचलून आत ठेवल्याचा आवाज आला.